कोच ‘ये’ म्हणाल्या, कॉलेज काय म्हणतंय?

(पत्र बरंच लांब आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून गोषवारा देत आहे.)

न्यू जर्सीत वीस वर्षं राहणारे एक बाबा लिहितात: मुलगी अकरावीत आहे, जन्म इथलाच. शाळेच्या मुख्य (व्हर्सिटी) बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल वर आणून खेळ जुळवणारी; उंची ५ फूट ७ इंच. उन्हाळ्यात क्लबकडून एएयू (शाळेबाहेरच्या क्लब संघांच्या) स्पर्धा खेळते. अभ्यासात हुशार, गणित आवडतं, पुढे इंजिनीअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्स करणार असं घरात धरून चाललेलं. मार्चपासून दोन छोट्या कॉलेजांच्या कोचचे फोन येताहेत, एक पेनसिल्व्हेनियातलं, एक न्यू इंग्लंडमधलं. दोन्ही कॉलेज खेळांच्या डिव्हिजन ३ मधली. न्यू इंग्लंडच्या कोच म्हणाल्या, ‘तू आमच्या यादीत अगदी वर आहेस, तू ये.’ घरात पेढे वाटले गेले. मग एका मित्राने सांगितलं की डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही, आणि त्या कॉलेजचा वर्षाचा खर्च तर नव्वद हजार डॉलरच्या घरात. आई म्हणते, रटगर्सला (न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ) घाला, खेळायची हौस तिथे संध्याकाळी भागेल. शिवाय एक कंपनी अडीच हजार डॉलर घेऊन ‘डिव्हिजन १ पर्यंत पोचवतो’ म्हणतेय. बाबांचे प्रश्न असे: तिसऱ्या दर्जाच्या ठिकाणी मुलीला का पाठवायचं? निदान बास्केटबॉलमुळे प्रवेश पक्का झाला असं समजायचं का? आणि पुण्यात कुणी नावही ऐकलं नसेल अशा कॉलेजवर एवढा पैसा का घालायचा?

नमस्कार,

पेढे वाटलेत ते बरं केलंत. अमेरिकेत हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींपैकी पुढे एनसीएएच्या (कॉलेज खेळांची देशव्यापी संघटना) कुठल्या ना कुठल्या डिव्हिजनमध्ये खेळायला मिळतं ते शंभरातल्या जेमतेम चौघींना. त्या चौघींत आपली लेक असण्याची शक्यता दिसतेय, तर कौतुक व्हायलाच हवं. फक्त पेढे नेमके कशाचे होते ते नीट बघू. तुमच्या मुलीला एका कोचने पसंत केलंय. त्या कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसने बहुधा अजून तिचं नावही ऐकलेलं नाही आणि पैशाचं बघणाऱ्या ऑफिसने तर नाहीच नाही.

आपल्याकडच्या सरकारी कचेरीत एका खिडकीवरचे साहेब ‘होऊन जाईल’ म्हणाले, म्हणून पुढच्या खिडकीवर शिक्का बसतोच असं नाही. इथेही तीन खिडक्या आहेत: कोच, ॲडमिशन आणि फायनान्शियल एड. तुमच्या पत्रातला बराचसा गोंधळ एका खिडकीवरचं उत्तर दुसऱ्या खिडकीचं धरल्यामुळे झालाय.

त्याआधी ‘तिसऱ्या दर्जा’चा निकाल लावून टाकू. एनसीएएने १९७३ मध्ये कॉलेजांचे तीन विभाग पाडले. आज त्यांतला ठळक फरक खेळावरच्या पैशाचा आहे. डिव्हिजन १ मध्ये पूर्ण क्रीडा शिष्यवृत्ती देता येते (आयव्ही लीगची कॉलेजं तिथे असूनही देत नाहीत, हे आपल्या लोकांच्या लक्षात नसतं), डिव्हिजन २ मध्ये बहुतेकींना अर्धीमुर्धी मिळते आणि डिव्हिजन ३ मध्ये काहीच देता येत नाही. शिक्षणाच्या दर्जाचा यात कुठेही संबंध नाही. आता डिव्हिजन ३ मधली काही नावं वाचा: एमआयटी, कॅल्टेक, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, कार्नेगी मेलन, एमरी, एनवाययू. यातल्या एखाद्या ठिकाणाहून फोन आला असता तर तुम्ही दर्जाचा प्रश्न मला विचारला नसता, थेट पुण्याला फोन लावला असता. कॅल्टेकच्या मुलांचा संघ आपल्या लीगमधले सलग ३१० सामने हरला होता; २०११ मध्ये एका गुणाने जिंकला तेव्हा कुठे ती माळ तुटली. कॅल्टेकचा भाव त्याने तसूभरही कमी झाला नाही.

खेळाच्या बाजूनेही या छोट्या कॉलेजांकडे नाक मुरडण्यासारखं काही नाही. १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ यांनी जिमच्या गॅलरीला पीचच्या टोपल्या ठोकून हा खेळ सुरू केला, ती मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डची वायएमसीएची प्रशिक्षण शाळा आज स्प्रिंगफिल्ड कॉलेज म्हणून डिव्हिजन ३ मध्ये खेळते. तिथून जवळच असलेल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी लगोलग मुलींना तो शिकवला. तेच स्मिथ २०२४ मध्ये डिव्हिजन ३ च्या अंतिम सामन्यात होतं आणि एनवाययूकडून हरलं. एनवाययूच्या मुलींनी त्या हंगामात ३१ पैकी ३१ सामने जिंकले. यातली बहुतेक कॉलेजं आपले सामने ऑनलाइन दाखवतात. त्या दोन्ही कॉलेजांचा एकेक पूर्ण सामना लेकीबरोबर बसून बघा. हायस्कूलची तीन गुणांची रेषा १९ फूट ९ इंचांवर असते. कॉलेजात २०२१-२२ पासून मुलींनाही ती २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे, म्हणजे जवळजवळ अडीच फूट मागे. वर ३० सेकंदांचं घड्याळ, तेवढ्यात बास्केटकडे बॉल टाकावाच लागतो. पॉइंट गार्डला बॉल वर आणून संघ लावून द्यायला किती कमी वेळ मिळतो ते बघितलंत की खेळाच्या दर्जाबद्दलही तुम्ही प्रश्न विचारणार नाही.

आता पहिली खिडकी, कोच. आपण महाराष्ट्रातून येताना डोक्यात खेळाचा एक हिशोब घेऊन आलेलो असतो: जिल्हा, राज्य, राष्ट्रीय पातळीचं प्रमाणपत्र, त्यावर दहावी-बारावीचे वाढीव गुण, मग स्पोर्ट्स कोट्यातली जागा. कागद दाखवला की हक्क तयार. डिव्हिजन ३ मध्ये असा कुठलाही कागद नाही. बंधनकारक करारपत्र नाही. एप्रिल-मे मध्ये शाळेत टेबलामागे बसून टोपी घालून सह्या करतानाचे जे फोटो दिसतात, त्यात डिव्हिजन ३ च्या मुलीसमोर असतो तो केवळ समारंभापुरता छापील कागद. तिच्याकडे खरोखर काय असतं? कोचची इच्छा, आणि त्या इच्छेला ॲडमिशन ऑफिसात किती वजन आहे ते. हे वजन कॉलेजागणिक बदलतं. एमआयटीसारख्या ठिकाणी कोचचा शब्द हा अर्जातल्या बऱ्याच गोष्टींपैकी एक. काही छोट्या, मुख्यतः पदवीचं सर्वांगीण शिक्षण देणाऱ्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजांत मात्र प्रत्येक कोचला दरवर्षी मोजक्या खेळाडूंसाठी ठाम पाठिंबा देता येतो, आणि त्या मोजक्यांत नाव आलं तर फार मोठा फरक पडतो.

नाव त्यात आहे का, हे कळायला विचारावं लागतं. आपल्या मुलांना ‘सरांना उलट विचारू नये’ असं वळण असतं, त्यामुळे ती हसून ‘थँक यू कोच’ म्हणतात आणि फोन ठेवतात. इथल्या कोचना हे प्रश्न रोज ऐकायची सवय आहे. न विचारणारी मुलगी त्यांना कमी उत्सुक वाटते. तेव्हा तिने, तुम्ही नव्हे, पुढच्या फोनवर विचारावं: माझ्या वर्षाच्या तुम्ही किती जणी घेणार? त्यात गार्ड किती, आणि त्यात माझा नंबर कुठे? ॲडमिशन ऑफिसकडून माझं प्री-रीड करून घ्याल का, आणि कधी? मी अर्ली डिसिजनने (होकार आला तर तिथेच जायचं, या अटीवर लवकर) अर्ज केला तर मला तुमचा पूर्ण पाठिंबा असेल का? गेल्या वर्षी तुम्ही असा पाठिंबा दिलेल्यांपैकी कुणाला नकार आला का? प्रवेश झाला तर संघातली जागा पक्की, की ऑक्टोबरात निवड चाचणी (ट्रायआउट)?

उत्तरं लिहून ठेवावीत. ‘तू आम्हाला खूप आवडतेस’, ‘तू आमच्या संस्कृतीत बसशील’, ‘जरूर अर्ज कर’ ही यातल्या एकाही प्रश्नाची उत्तरं नाहीत. विशेषतः ‘जरूर अर्ज कर’. ते शंभर जणींना सांगितलेलं असतं.

प्री-रीड म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण पुढचं वेळापत्रक त्यावर ठरतं. अकरावीचे मार्क हातात आले की बऱ्याच चोखंदळ कॉलेजांत, साधारण जुलैपासून, कोच आपल्या आवडीच्या मुलींची ट्रान्सक्रिप्ट (शाळेचं गुणपत्रक), एसएटी किंवा एसीटीचे गुण असतील तर ते, बारावीत घेतलेल्या विषयांची यादी आणि शाळेचं माहितीपत्रक ॲडमिशनकडे देतात. तिथली व्यक्ती बघून कोचना सांगते: हिचं जमेल, हिचं अवघड आहे, किंवा हिचा नाद सोडा. हे वचन नसतं, पण सगळ्या प्रक्रियेत दुसऱ्या खिडकीचा आवाज पहिल्यांदा इथे ऐकू येतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोच प्री-रीडचं नाव काढायला टाळाटाळ करू लागल्या, तर तुमची मुलगी यादीत आहे पण अगदी वर नाही, एवढं समजून घ्यावं. राग मानायचं कारण नाही. वरच्या एक-दोघी दुसरीकडे गेल्या तर सप्टेंबरात फोन परत येतो.

यादी कशी हलते त्यालाही अलीकडे एक नवं कारण आहे. २०२४ पासून एनसीएएने खेळाडूंना अभ्यासाच्या अटी पाळून हवं तितक्या वेळा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा दिली. वरच्या डिव्हिजनच्या कोचना सतरा वर्षांच्या मुलीपेक्षा दोन वर्षं कॉलेजात खेळलेली एकवीस वर्षांची तयार खेळाडू घेणं सोयीचं वाटतं. मग पूर्वी डिव्हिजन १ किंवा २ मध्ये गेल्या असत्या अशा मुली खाली सरकतात आणि डिव्हिजन ३ ची गर्दी वाढते. अडीच हजार डॉलर मागणारी कंपनी हे तुम्हाला सांगणार नाही.

त्या कंपनीचं इथेच संपवते: पैसे देऊ नका. अशा कंपन्या मुलीचं प्रोफाइल बनवतात आणि शेकडो कोचना एकसारखी ईमेल पाठवतात. ती ईमेल कशी दिसते हे कोचना पाठ असतं. तुमच्या मुलीला तर दोन कोचनी स्वतःहून गाठलंय, म्हणजे ज्याचे पैसे मागताहेत ते काम आधीच फुकटात झालेलं आहे. ‘तुमची निवड झाली आहे’ म्हणून येणारी कॅम्पची निमंत्रणंही अशीच पारखून घ्या. कॅम्प हे बऱ्याच ठिकाणी सहायक कोचच्या पगाराला हातभार लावायचं साधन असतं. ज्या कोचने नाव घेऊन फोन केलाय, तिच्या कॅम्पला जावं. बाकीच्यांना नाही गेलं तरी चालतं.

त्याऐवजी मुलीने स्वतः आणखी दहा-बारा कॉलेजांना लिहावं. दोन कोचवर सगळी मदार ठेवणं धोक्याचं आहे. ईमेल आठ-दहा ओळींची: नाव, हायस्कूल संपायचं वर्ष, संघातली जागा, उंची, शाळा आणि क्लब, जीपीए (सरासरी गुण), कुठला विषय शिकायचाय, या कॉलेजातच का, आणि पुढच्या महिन्यात कुठल्या जिममध्ये किती वाजता खेळणार. शेवटचं अगदी महत्त्वाचं, कोच त्यावरून गाडी काढतात. सोबत तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ, पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यात चांगलं, प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला तिच्यावर बाण, गाणं नको. आणि किमान दोन पूर्ण सामन्यांच्या लिंक. पॉइंट गार्डच्या बाबतीत कोच बास्केटपेक्षा इतर गोष्टी जास्त बघतात: बॉल हातातून गेल्यावर पुढच्याच क्षणी ती काय करते, दबाव आल्यावर पास कुठे जातो, बाहेर काढल्यावर बाकावर कशी बसते. हे तुकड्यांत दिसत नाही म्हणून पूर्ण सामना. तिच्या नावाचं वेगळं ईमेल खातं हवं आणि त्याचा पासवर्ड तिच्याकडेच हवा. बाबांनी लिहिलेली ईमेल पहिल्या ओळीतच ओळखू येते, तिचा परिणाम उलटा होतो.

घरबसल्या करण्यासारखं एक काम मात्र तुमच्याजोगं आहे. कॉलेजच्या वेबसाइटवर मागच्या वर्षांचे संघ जसेच्या तसे असतात. चार वर्षांपूर्वीच्या यादीतल्या पहिल्या वर्षाच्या मुलींची नावं घ्या आणि पुढच्या तिन्ही वर्षांच्या याद्यांत त्यातली किती टिकली ते बघा. सहा आल्या आणि शेवटच्या वर्षाला एकच उरली, असं दोनदा दिसलं तर काहीतरी गडबड आहे: कोच मुद्दाम जास्त घेऊन गाळतात, किंवा मुलींचं तिथे मन रमत नाही. मग सध्याच्या यादीत गार्ड किती आणि त्यातल्या तुमची मुलगी पोचायच्या आधी पदवी घेऊन जाणाऱ्या किती, ते मोजा. पहिल्या वर्षी तिला किती मिनिटं खेळायला मिळेल याचा अंदाज कोचच्या गोड बोलण्यापेक्षा या कागदावर चांगला येतो.

तिसरी खिडकी पैशाची, आणि तुमचं खरं दुखणं तिथे आहे हे मला कळतंय. डिव्हिजन ३ मध्ये आर्थिक मदत ठरवताना खेळाचा विचार करायलाच बंदी आहे. त्यामुळे कोणी कोच ‘पैशाचं बघते मी’ म्हणाल्या तर ते त्यांच्या हातात नाही. पण खेळाला पैसे नाहीत म्हणजे पैसेच नाहीत असंही नाही. मदत दोन प्रकारची असते, गरजेवर आणि गुणवत्तेवर, आणि तुमची दोन कॉलेजं इथे वेगळ्या वाटांनी जाण्याची शक्यता आहे. न्यू इंग्लंडमधली विल्यम्स, ॲम्हर्स्ट, मिडलबरी यांसारखी कॉलेजं फक्त गरज बघून देतात. आयटीत दोन पगार असलेल्या घराला तिथे बहुधा फारसं काही मिळणार नाही. त्यातून सीएसएस प्रोफाइल (मदतीसाठी भरायचा घरच्या पैशाचा तपशीलवार फॉर्म) मागणारी बरीच कॉलेजं राहत्या घराची किंमतही हिशोबात धरतात, आणि न्यू जर्सीत वीस वर्षांपूर्वी घेतलेलं घर आज केवढ्याचं झालंय ते तुम्हाला माहीत आहेच. याउलट पेनसिल्व्हेनिया, ओहायोकडची कमी गाजलेली छोटी कॉलेजं चांगल्या मार्कांवर छापील फीमध्ये घसघशीत सूट देतात. नव्वद हजारांचा आकडा सगळेजण भरत नाहीत.

अंदाज बांधत बसू नका. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला २०११ पासून आपल्या वेबसाइटवर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ ठेवणं कायद्याने भाग आहे. दोघांचे डब्ल्यू-२ (पगाराचे वार्षिक दाखले) आणि कर विवरण घेऊन एका रविवारी बसा आणि दोन्ही कॉलेजांचा आकडा काढा. मग फायनान्शियल एड ऑफिसला लिहून विचारा, अर्जाआधी आमचा अंदाज तपासून द्याल का. प्री-रीड झालेल्या मुलींसाठी बरीच कॉलेजं हे करतात. अर्ली डिसिजनच्या आधी हे व्हायलाच हवं, कारण बहुतेक ठिकाणी त्याची मुदत १ किंवा १५ नोव्हेंबर असते. त्यावर मुलीची, पालकांची आणि शाळेच्या समुपदेशकाची सही असते आणि होकार आला की तिथेच जायचं असतं. पुरेशी मदत मिळाली नाही, एवढीच एक सुटका.

माझं मत विचाराल तर रटगर्स आणि त्या कॉलेजमधला फरक तुम्ही कर्ज न काढता, धाकट्याचं शिक्षण आणि स्वतःचं निवृत्तीचं बाजूला न सारता भरू शकत असाल, तरच न्यू इंग्लंड. राज्यात राहणाऱ्यांना रटगर्सचा खर्च राहण्याखाण्यासकट त्या नव्वद हजारांच्या निम्म्याहूनही कमी येतो, आणि तिथलं कॉम्प्युटर सायन्स उत्तम आहे. आईचं म्हणणं मुळीच मागासलेलं नाही. फक्त ‘तिथे संध्याकाळी खेळेल’ यात एक गफलत आहे. रटगर्सचा मुख्य संघ बिग टेनमध्ये, म्हणजे डिव्हिजन १ मधल्या बलाढ्य लीगमध्ये खेळतो, तिथे ही खेळणार नाही, क्लबमध्ये खेळेल. मजा येईल, पण ती गोष्ट वेगळी. रोज चारला जिम, शुक्रवार-शनिवार लागोपाठ सामने, बसमध्ये मांडीवर लॅपटॉप, हे सगळं तिला हवंय की नको?

कारण एवढ्या लांबलचक पत्रात तिचं स्वतःचं म्हणणं मला एका ओळीत सापडलं: ‘विचारलं की गप्प बसते.’ गप्प बसण्याची कारणं बरीच असू शकतात. एवढे पैसे मागायचे कसे म्हणून संकोच असेल. सातवीपासून शनिवार-रविवार गाडी चालवणाऱ्या बाबांना ‘मला आता पुरे’ सांगायचं धाडस होत नसेल. किंवा फारच हवं असेल आणि नकाराची भीती वाटत असेल. टेबलाशी बसवून विचारू नका. कॉलेजचा हंगाम कसा असतो ते तिला उघडपणे सांगा आणि उत्तर महिन्याभराने घ्या.

हंगाम असा: ऑक्टोबरात सराव सुरू, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पंचवीसेक सामने. थँक्सगिव्हिंगला दोन-तीन दिवस घरी. नाताळच्या सुट्टीत बाकी विद्यार्थी महिनाभर घरी असताना संघ डिसेंबर संपायच्या आत, नाहीतर नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत परत कॅम्पसवर. म्हणजे चार वर्षं डिसेंबरची भारतवारी बंद, मावसभावाचं लग्न डिसेंबरातच असलं तरी. इंजिनीअरिंगची प्रॅक्टिकल्स दुपारची असतात आणि सरावाशी हमखास टक्कर होते. आधी त्या कॉलेजात इंजिनीअरिंग आहे का हेच बघा. स्वार्थमोर, लाफायेत, स्मिथ यांच्याकडे आहे, पण लिबरल आर्ट्‌स कॉलेजांत बऱ्याच ठिकाणी नाही. संघातली एखादी मुलगी तो विषय घेऊन चार वर्षं खेळली आहे का, हे कोचना विचारावं. नाव सांगता आलं नाही तर उत्तर मिळालं.

अकरावीच्या १ जानेवारीपासून डिव्हिजन ३ मध्ये अधिकृत भेटीला परवानगी असते, तेव्हा तिला एकटीला एक रात्र संघाबरोबर राहू द्या. तिने कर्णधाराशी गप्पा माराव्यातच, पण जास्त वेळ बाकावर बसणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीजवळ काढावा. ती अजून का खेळतेय हे ऐकण्यासारखं असतं. आणि सकाळी सामान भरताना स्वतःला विचारावं, गुडघा गेला आणि पुन्हा बॉल हातात घेता आला नाही तर मी इथे राहीन का? मुलींच्या बास्केटबॉलमध्ये गुडघ्याचा एसीएल लिगामेंट तुटणं ही नेहमीची दुखापत आहे, म्हणून हा प्रश्न नुसता मनाचा खेळ समजू नये.

पुण्यातल्या नातेवाईकांनी नाव ऐकलंय की नाही, याला उत्तर देत नाही. ते फी भरणार नाहीत.

अशीच पत्रं पाठवणाऱ्या आणखी दोन प्रकारच्या वाचकांसाठी थोडं. मुलं एच-४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा) व्हिसावर असतील तर एफएएफएसए या अर्जातून मिळणारी सरकारी मदत त्यांना मिळत नाही, आणि बरीच खासगी कॉलेजं मदतीसाठी त्यांना परदेशी विद्यार्थी धरतात. काही ठिकाणी पैसे मागितल्याचा प्रवेशावरही परिणाम होतो. कोचशी पहिल्या-दुसऱ्या फोनवरच हे सांगून टाका, ऑक्टोबरात कळलं तर सगळ्यांचाच वेळ जातो. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, तेव्हा कॉलेजच्या मधल्या वर्षांत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जायची तयारी ठेवा. आणि पुण्या-नागपूरहून थेट येऊ पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की खेळाचे पैसे हवे असतील तर डिव्हिजन २, एनएआयए (छोट्या कॉलेजांची वेगळी क्रीडा संघटना) आणि काही ज्युनिअर कॉलेजं परदेशी मुलींनाही शिष्यवृत्ती देतात. तिथे चौकशी करा. एजंटला टक्केवारी देऊ नका, वर सांगितलेली ईमेल स्वतः लिहा.

तुमच्यासाठी या महिन्याचं काम एवढंच: शाळा सुटायच्या आत समुपदेशकांना भेटून अकरावीच्या अंतिम गुणांसह ट्रान्सक्रिप्ट, बारावीच्या विषयांची यादी आणि शाळेचं माहितीपत्रक पीडीएफमध्ये मागून ठेवा. जुलैत कोच प्री-रीडसाठी ते मागतील तेव्हा समुपदेशक सुट्टीवर असतील आणि ऑफिसचा फोन कुणी उचलणार नाही.